मोठी शाळा, लहान गट : इंदूरच्या निमित्ताने माध्यमिक शिक्षणाचा आढावा

मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळा सध्या मोठ्या होत आहेत. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ‘सीएम राइज’ योजनेत राज्यभर सुमारे ९,२०० सुसज्ज शाळा टप्प्याटप्प्याने उभारायचे ठरले. पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघातली मुले बसने एका ठिकाणी आणायची आणि त्यांना बालवर्गापासून बारावीपर्यंतचे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि विषयवार शिक्षक एकाच आवारात द्यायचे, अशी ही कल्पना आहे. एप्रिल २०२५ मध्ये या शाळांचे नामकरण ‘सांदीपनी विद्यालय’ असे झाले. इंदूर शहरातल्या काही जुन्या सरकारी शाळाही या योजनेत आल्या आहेत.

योजनेमागचा हेतू चांगला आहे. दोन खोल्या आणि दीड शिक्षक अशा अवस्थेतल्या शाळेपेक्षा प्रयोगशाळा असलेली शाळा केव्हाही बरी. पण इमारतीच्या आराखड्यात एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हजार-दीड हजार मुलांच्या शाळेत नववीतल्या एखाद्या मुलीला नावानिशी, घरच्या परिस्थितीसह आणि तिच्या अडचणीसह ओळखणारा शिक्षक कोण असेल? आणि दिवसभरात सात-आठ विषयांच्या तासिकांना बसणाऱ्या त्या मुलीला या विषयांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कोण दाखवून देईल?

हे दोन्ही प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. मोठ्या शाळेत लहान, स्थिर गट करणे आणि त्या गटाच्या शिक्षकांनी एकत्र बसून विषयांची सांगड घालणे, हा त्यावरचा उपाय जगात अनेक ठिकाणी करून पाहिला गेला आहे. काही ठिकाणी तो लागू पडला, काही ठिकाणी फसला. आपल्याकडेही त्याची परंपरा आहे आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय इंदूरच्या शेजारीच घडला. त्या साऱ्याचा हा आढावा.

नववीत नेमके काय बिघडते

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू होतो. प्राथमिक टप्प्यावर ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक टप्प्यावर ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण कायद्यानेच घालून दिलेले आहे. आठवी संपली की हे संरक्षण संपते. म्हणजे अभ्यास अवघड होतो, वय अडनिडे होते आणि घरातून कामाचा किंवा लग्नाचा रेटा सुरू होतो, नेमक्या त्याच वेळी मूल कायद्याच्या छत्राबाहेर पडते. देशभरातल्या शालेय गळतीत माध्यमिक टप्प्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यात आश्चर्य नाही.

शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. पन्नास-पन्नास मुलांच्या पाच तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या शिक्षकासमोर आठवड्यात अडीचशे मुले येतात. एकेका मुलाची वही महिन्यातून एकदा पाच मिनिटे नीट पाहायची म्हटले, तरी त्याला वीस तासांहून अधिक वेळ लागेल. असा वेळ कुठल्याही वेळापत्रकात नसतो. मग वही पाहणे म्हणजे लाल शाईची खूण आणि सही एवढेच उरते. यात शिक्षकाचा आळस शोधण्यात अर्थ नाही, कामाची रचनाच तशी आहे.

विषय शिक्षकांचा एकमेकांशी संबंध येतो तो शिक्षक-कक्षात चहाच्या वेळी. एखादा मुलगा गणितात मागे पडतो आहे, पण हिंदीच्या तासाला उत्तम निबंध लिहितो, हे दोन्ही शिक्षकांना एकत्र कधी कळतच नाही. त्याचे नापास होणे मात्र सर्वांना एकाच दिवशी कळते. मध्य प्रदेशात २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ ही योजना सुरू झाली. मंडळाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांना राज्य मुक्त शाळेमार्फत पुन्हा परीक्षेची संधी तिने दिली. योजना दिलासा देणारी, पण तिने हात दिला तो मूल पडल्यानंतर. लहान गटांच्या कल्पनेचा रोख मूल पडण्याआधीच्या दोन वर्षांवर आहे.

अमेरिकेचा अनुभव : पैसा, उत्साह आणि धडा

मोठ्या माध्यमिक शाळांचा आग्रह अमेरिकेत सर्वाधिक धरला गेला. १९५९ मध्ये जेम्स कोनंट यांनी आपल्या अहवालात मोठ्या, सर्वसमावेशक हायस्कुलांची बाजू मांडली. शाळा मोठी असेल तरच विज्ञान, परकीय भाषा आणि व्यवसाय शिक्षण असे नाना विषय परवडतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. आज आपण तोच युक्तिवाद ऐकत आहोत. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथे मोठ्या शाळा वाढल्या आणि त्यांच्याबद्दलची अस्वस्थताही वाढली.

१९८४ मध्ये थिओडोर सायझर यांनी या अस्वस्थतेला वैचारिक बैठक दिली. त्यांनी उभ्या केलेल्या शाळांच्या संघाने काही तत्त्वे ठरवली. माध्यमिक शाळेतल्या एका शिक्षकावर ८० पेक्षा अधिक मुलांची जबाबदारी नसावी, हे त्यांतले एक. थोडे पण खोल शिकवावे, आणि शिकलेले मुलाने प्रत्यक्ष करून दाखवावे, ही आणखी दोन. डेबोरा मायर यांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत एक माध्यमिक शाळा सुरू केली आणि ही तत्त्वे तिथे उतरवून दाखवली. अभ्यासक्रमाचे तिथे दोन मोठे विभाग होते : एक मानव्यविद्यांचा आणि दुसरा गणित-विज्ञानाचा. तासिका लांब होत्या आणि शिक्षक थोडे पण तेच ते. उत्तीर्ण होण्यासाठी मुलांना आपले काम परीक्षकांसमोर मांडून त्याचे समर्थन करावे लागे.

अशा शाळांचे यश पाहून मोठा पैसा आला. एप्रिल १९९९ मध्ये कोलोराडोतल्या कोलंबाइन हायस्कुलात गोळीबार झाला. त्यानंतर मोठ्या शाळांतल्या एकटेपणाची चर्चा देशभर पेटली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने हजाराहून अधिक विद्यार्थी असलेल्या हायस्कुलांना लहान शिक्षणसमूह करण्यासाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. गेट्स प्रतिष्ठानने सुमारे दोन अब्ज डॉलर या कामी लावले.

फलित संमिश्र निघाले आणि त्यातूनच आपल्याला शिकायचे आहे. डेन्व्हरमधल्या मॅन्युअल हायस्कूलचे २००१ मध्ये एकाच इमारतीत तीन शाळांत विभाजन झाले. जुन्याच पद्धतीचे अध्यापन तीन ठिकाणी विभागले गेले, खर्च वाढला, मुले सोडून गेली आणि २००६ मध्ये शाळा बंद करावी लागली. आपण मदत केलेल्या अनेक लहान शाळांत अपेक्षित प्रगती झाली नाही, हे बिल गेट्स यांनी २००९ च्या वार्षिक पत्रात उघडपणे लिहिले.

याच काळात न्यूयॉर्क शहराने मोठ्या, अपयशी हायस्कुलांच्या जागी शंभराहून अधिक लहान शाळा नव्याने घडवल्या. प्रत्येक इयत्तेत साधारण शंभर मुले होती, शाळेचा आराखडा शिक्षकांच्या गटांनी स्पर्धेतून मांडला होता आणि प्रवेशासाठी गुणांची चाळणी नव्हती. जिथे अर्ज जागांहून अधिक आले तिथे सोडतीसारख्या पद्धतीने प्रवेश झाले. त्यामुळे प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची रास्त तुलना करता आली. एमडीआरसी या संशोधन संस्थेने ती केली. लहान शाळांतल्या मुलांचे शिक्षण वेळेत पूर्ण होण्याचे प्रमाण सुमारे नऊ टक्केबिंदूंनी अधिक आढळले. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांनाही त्याचा लाभ झाला.

दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की निष्कर्ष सरळ निघतो. मुलांची संख्या कमी करणे ही केवळ सोय आहे. त्या सोयीचा उपयोग करून शिक्षक एकत्र येऊन वेगळे शिकवू लागले तर फळ मिळते. नुसत्या भिंती घालून काही होत नाही.

विषयांच्या सांगडीबाबत फिनलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि बऱ्याचदा चुकीचे दिले जाते. ऑगस्ट २०१६ पासून तिथल्या मूलभूत शिक्षणात लागू झालेल्या अभ्यासक्रमाने विषय रद्द केलेले नाहीत. प्रत्येक मुलाला वर्षातून किमान एक बहुविषयक घटक शिकायला मिळालाच पाहिजे, एवढीच अट आहे. तो कोणता असावा हे शाळा आणि मुले ठरवतात. मागणी माफक आहे आणि शिक्षकांवर भरवसा टाकलेला आहे, म्हणून ती पेलता येते.

आपली परंपरा : वर्ध्यापासून होशंगाबादपर्यंत

हे सगळे परदेशी आहे असे वाटणाऱ्यांनी वर्ध्याकडे पाहावे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. सूतकताई किंवा शेतीसारखा उद्योग मध्यभागी ठेवायचा, आणि गणित, विज्ञान, भूगोल, भाषा त्या उद्योगाच्या अनुषंगाने शिकवायची, ही समवायाची पद्धत. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ती राबवली. स्वातंत्र्यानंतर सरकारी बुनियादी शाळांत मात्र चरखा तासिकेपुरता उरला आणि बाकीचे विषय पुस्तकातून पूर्वीसारखेच शिकवले जाऊ लागले. मध्यवर्ती उद्योगच आणखी एक विषय होऊन बसला. ही चूक लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे. सेवाग्रामच्या आवारात २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ पुन्हा सुरू झाले आणि त्या परंपरेला नवी उभारी मिळाली.

इंदूरचेही या परंपरेशी नाते आहे. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचे मुख्यालय इथल्या कस्तुरबाग्रामला आहे. शालिनीताई मोघे यांनी बालनिकेतन संघामार्फत शहरात बालशिक्षणाचा पाया घातला आणि १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला ओळखून शिकवायचे, हा संस्कार इंदूरच्या मराठी घरांना शालिनीताईंच्या कामामुळे परिचित आहे. तो बालवाडीपर्यंत पोचला. हायस्कूलपर्यंत मात्र गेला नाही.

माध्यमिक टप्प्याच्या सर्वांत जवळ गेलेला प्रयोग म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातल्या सोळा शासकीय पूर्व माध्यमिक शाळांत तो सुरू केला. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि हा कार्यक्रम देवास, उज्जैनसारख्या माळव्यातल्या जिल्ह्यांपर्यंत पसरला. मुले चार-चारच्या टोळीत बसत, साध्या साहित्याने प्रयोग करत, निरीक्षणे मांडत आणि वाद घालत. ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत तयार व्याख्या नव्हत्या. आठवीच्या परीक्षेला मुले पुस्तक जवळ ठेवून लिहीत आणि प्रात्यक्षिकही देत. १९८६ पासून एकलव्यने निवडक शाळांत सामाजिक शास्त्राचाही असाच अभ्यासक्रम चालवला.

या प्रयोगाची खरी ताकद मासिक बैठकीत होती. परिसरातल्या शाळांचे विज्ञान शिक्षक संगम केंद्रावर महिन्यातून एकदा जमत, कोणता प्रयोग जमला, कुठे मुले अडली, यावर बोलत आणि पुढच्या महिन्याचे धडे एकत्र करून पाहत. संगम केंद्राची ही कल्पना कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शाळा-संकुलाच्या शिफारशीवर उभी होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकण्याची सरकारमान्य व्यवस्था म्हणून या बैठका तीन दशके चालल्या.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम थांबवला. तेव्हा तो सुमारे हजार शाळांत चालू होता. राज्यभर एकच अभ्यासक्रम हवा, हे कारण दिले गेले. ज्या सरकारी यंत्रणेने तीस वर्षे त्याला जागा दिली, तिनेच तो एका आदेशाने बंद केला. चांगला प्रयोग शासनाच्या मर्जीवर उभा असेल आणि पालकांना तो आपला वाटत नसेल, तर तो टिकत नाही, हा धडा माळव्याने मोजलेल्या किमतीतून आला आहे.

महाराष्ट्रातले प्रयोग

महाराष्ट्रात या दिशेने झालेली कामे वेगवेगळ्या वाटांनी गेली. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रशालेत १९६९ पासून प्रकल्प, गटकार्य आणि अभ्यासदौरे यांना अभ्यासक्रमातच स्थान आहे. तिथे मुले परीक्षेतून निवडलेली असतात, त्यामुळे तिची रचना जशीच्या तशी सर्वसाधारण शाळेत आणता येत नाही. पण नववी-दहावीतही प्रकल्प होऊ शकतो आणि मंडळाच्या निकालाला त्याने धक्का लागत नाही, हे तिने दाखवले.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून माध्यमिक शाळांसाठी आठवी ते दहावीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय घडला. मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार क्षेत्रांत हाताने काम करतात. कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब, शेडचे वेल्डिंग, हिमोग्लोबिनची तपासणी, माती परीक्षण : गावाला लागणारी सेवा मुले देतात आणि त्या निमित्ताने गणित-विज्ञान शिकतात. समवायाचा हा आजच्या काळातला सर्वांत व्यवहार्य नमुना आहे. तो सामान्य ग्रामीण शाळेत चालतो आणि गावातल्या कारागिराला शिक्षक करतो.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले कमला निंबकर बालभवन, पुण्यात १९९२ मध्ये सुरू झालेले अक्षरनंदन, कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये उभे केलेले सृजन आनंद विद्यालय : या शाळांनी लहान संख्या, मातृभाषा आणि विषयांची सांगड यांचा मेळ घातला. या शाळा आकाराने लहान आहेत आणि त्यांची संख्या मोजकी आहे. त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट सरकारी मोठ्या शाळेत कशी उतरवायची, हा प्रश्न बाकी राहतो.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत, आणि २०२३ मध्ये शासनाने त्यांच्या जागी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा मोठा वाद झाला. दुर्गम पाड्यावरची प्राथमिक शाळा मुलाच्या दारात असलीच पाहिजे, कारण ती गेली की पहिली शाळा सुटते ती मुलींची. पण लहान पटाची शाळा आणि लहान शिक्षणसमूह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात एक-दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. दुसऱ्या प्रकारात अनेक विषयांचे शिक्षक मिळून ठरावीक मुलांची जबाबदारी घेतात. माध्यमिक टप्प्यावर दुसरी गोष्ट हवी, आणि ती मोठ्या आवारात अधिक सोपी आहे.

धोरण काय म्हणते

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नववी ते बारावी हा सलग चार वर्षांचा टप्पा मानते, कला-विज्ञान-वाणिज्य या कप्प्यांच्या भिंती काढायला सांगते, प्रत्येक पातळीवर शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ३०:१ पेक्षा कमी ठेवायला सांगते आणि कोठारी आयोगाचे शाळा-संकुल पुन्हा मांडते. कागदावर हे सगळे योग्य दिशेचे आहे.

पण २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आंतरविद्याशाखीय शिक्षण काय रूप घेते ते पाहावे. नववी-दहावीत तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि त्यांच्या जोडीला ‘आंतरविद्याशाखीय क्षेत्र’ असा आणखी एक विषय. त्याला वेगळी तासिका असेल, वेगळे पुस्तक येईल आणि वेगळे गुण असतील. बुनियादी शाळेत चरख्याचे जे झाले तेच इथे होण्याचा धोका आहे. विषयांमधला संबंध दाखवण्याचे काम स्वतंत्र विषयाकडे सोपवले की बाकीचे नऊ विषय त्या जबाबदारीतून मोकळे होतात. आराखड्यातल्या चांगल्या मजकुरावर वेळापत्रकातली एक ओळ मात करू शकते.

प्रमाणाचेही तसेच आहे. शाळेतल्या एकूण मुलांना एकूण शिक्षकांनी भागले तर आकडा ३० च्या आत येईलही. तेवढ्याने एकेका शिक्षकासमोर आठवड्याला येणारी अडीचशे मुले कमी होत नाहीत. मोजायचे तर प्रत्येक शिक्षकाच्या जबाबदारीवर किती मुले आहेत ते मोजावे. शाळा तपासणीच्या तक्त्यात हा रकाना यायला हवा.

इंदूरच्या एका शाळेत हे कसे दिसेल

समजा, एखाद्या सांदीपनी विद्यालयात नववीत ३२० मुले आहेत. त्यांच्या आठ तुकड्या आहेत. चार-चार तुकड्यांचे, १६० मुलांचे दोन गट करावेत. प्रत्येक गटाला हिंदी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र असे चार शिक्षक द्यावेत. आठवड्याला सहा तासिका धरल्या तर चार तुकड्यांत प्रत्येकाच्या २४ तासिका होतात. आठ तासिकांच्या दिवसात आठवड्याला ४८ तासिका असतात, त्यामुळे दोन तासिका चौघांच्या एकत्र बैठकीला आणि दोन मुलांशी बोलायला सहज राखता येतात. प्रत्येक शिक्षक चाळीस मुलांचा पालक-शिक्षक होईल. तोच चमू त्या मुलांबरोबर दहावीत जाईल. इंग्रजी, संस्कृत, क्रीडा आणि कला यांचे शिक्षक दोन्ही गटांत सामाईक राहतील. सायझर यांच्या ८० च्या मर्यादेपेक्षा १६० ही संख्या दुप्पट आहे, तरी आजच्या स्थितीत ती मोठी सुधारणा ठरेल. पदे भरलेली असतील तर यासाठी नवे पद लागत नाही. लागते ते वेळापत्रक करणाऱ्या प्राचार्यांचे धैर्य.

वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे, हे चौघे एक प्रश्न हाती घेतील. इंदूरला असे प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. शहराला पिण्याचे पाणी नर्मदेतून येते, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून आणि विंध्याचा उतार पंपांनी चढवून. पाणी इतके वर चढवायला किती ऊर्जा लागते, हा विज्ञानाचा प्रश्न. त्या विजेचे बिल आणि घरोघरची पाणीपट्टी यांचा मेळ बसतो का, हा गणिताचा. १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन का केले, आणि त्याच नदीच्या खोऱ्यात धरणांनी कोणाची गावे गेली, हा समाजशास्त्राचा. नळ येण्याआधीचे दिवस आजी-आजोबांकडून ऐकून लिहून काढणे, हे भाषेचे काम. शेवटी प्रत्येक टोळी आपला निष्कर्ष पालकांसमोर आणि नगर निगमच्या अभियंत्यांसमोर मांडेल.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. स्वच्छतेत इंदूर २०१७ पासून देशात अग्रेसर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून जैव-सीएनजी बनवणारा प्रकल्प सुरू झाला. जीवाणूंचे रसायन, शहराचे अर्थकारण आणि कचरावेचकांचे बदललेले जीवन तिथे एकत्र भेटते. तिसरा प्रश्न कापड गिरण्यांचा. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांची देणी, २२४ कोटी रुपये, डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली. ३२ वर्षे अडकलेल्या रकमेचे मोल किती घटले, हे चक्रवाढ व्याजाचे गणित कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणापेक्षा मुलांना अधिक समजेल, कारण काहींच्या घरात ते घडलेले असेल.

आक्षेप आणि अडचणी

पहिला आक्षेप विषयाच्या खोलीचा. सगळे मिसळून शिकवले तर पायथागोरस कोण शिकवणार? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच वर्षभराऐवजी सहा आठवडेच सांगडीसाठी मागायचे. समीकरणे, व्याकरण, रासायनिक सूत्रे ही क्रमाने आणि सरावानेच येतात. सांगड त्या सरावाला कारण देते.

दुसरी अडचण मंडळाच्या परीक्षेची. प्रश्नपत्रिका एकेका विषयाच्या चौकटीत असते, आणि पालक भंवरकुआं भागातल्या कोचिंग वर्गांकडे पाहून शाळेला जोखतात. होशंगाबादच्या कार्यक्रमाला परीक्षाच बदलून घेता आली होती, ही त्याची सर्वांत मोठी कमाई होती. मंडळाने अंतर्गत गुणांपैकी काही गुण गटाच्या बहुविषयक कामाला दिले आणि ते काम शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून घेतले, तर गुणांची खिरापतही टळेल.

तिसरी अडचण शिक्षकांच्या नोकरीची. १९९० च्या दशकात शिक्षाकर्मी नेमण्यापासून मध्य प्रदेशात स्वस्त, कंत्राटी शिक्षकांची रीत पडली आणि आजही अनेक वर्ग अतिथी शिक्षकांच्या भरवशावर चालतात. दरवर्षी बदलणारा शिक्षक मुलांबरोबर नववीतून दहावीत जाणार कसा? लहान गटाची कल्पना कायम, स्थिर आणि सन्मानाने वागवलेल्या शिक्षकाशिवाय उभी राहू शकत नाही. या मुद्द्यावर तडजोड केली तर बाकीचे सगळे निष्फळ आहे.

चौथा धोका सर्वांत गंभीर आहे. गट केले की शाळा हुशार मुलांचा एक, मध्यम मुलांचा दुसरा आणि उरलेल्यांचा तिसरा असे गट करू लागते. इंग्रजी माध्यमाची मुले एकीकडे, हिंदी माध्यमाची दुसरीकडे. मग जात आणि उत्पन्न यांची वर्गवारी शाळेच्या वेळापत्रकात येऊन बसते. न्यूयॉर्कच्या शाळांना यश आले ते गुणांची चाळणी न लावल्यामुळेही. म्हणून गट चिठ्ठ्या टाकून करावेत, आणि प्रत्येक गटात मुली, बसने येणारी ग्रामीण मुले आणि वस्त्यांतली मुले यांचे प्रमाण सारखे असावे. ही अट लेखी हवी.

निष्कर्ष

मोठ्या शाळा आता होणारच आहेत. त्यांना विरोध करण्यात शक्ती घालवू नये. त्यांच्या आत लहान, मिश्र, दोन वर्षे टिकणारे गट करावेत, त्या गटांच्या शिक्षकांना आठवड्यातून दोन तासिका एकत्र बसू द्यावे, आणि वर्षातून दोनदा शहराचा एक खरा प्रश्न त्यांच्या हाती द्यावा. परदेशातला पुरावा आणि आपला अनुभव, दोन्ही याच बाजूचे आहेत. संख्या कमी केली आणि अध्यापन तसेच ठेवले, तर पैसा वाया जातो. अध्यापन बदलले पण ते टिकवणारे पालक आणि शिक्षक सोबत नसतील, तर एका आदेशाने ते संपते.

इंदूरच्या मराठी समाजाने शिक्षणसंस्था उभारण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आता या शहरातल्या निवृत्त प्राध्यापकांनी, अभियंत्यांनी आणि गृहिणींनीही जवळच्या सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीशी बोलावे. ‘माझ्या मुलाचे गुण किती’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तुमच्या प्रत्येक शिक्षकाकडे किती मुले आहेत, आणि ते शिक्षक एकमेकांशी कधी बोलतात’ हे दोन प्रश्न प्राचार्यांना विचारावेत. त्यांची उत्तरे लेखी मागावीत, आणि दरवर्षी मागावीत.